प्रश्न उद्भवत नाही

महाराष्ट्र विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या याद्या ज्यांनी कधी चाळल्या असतील, त्यांना एक ठरावीक घडण ओळखीची असेल. सन्माननीय सदस्य विचारतात : '(१) अमुक ठिकाणी अमुक प्रकार घडला, हे खरे आहे काय, (२) असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' मंत्रिमहोदय उत्तर देतात : '(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.' पहिल्या पायरीला नकार मिळाला की वरचा सगळा जिना आपोआप खाली येतो. प्रश्न विचारला गेला, छापला गेला, त्याला क्रमांकही मिळाला. आणि तरीही तो उद्भवला नाही.

या याद्या मी गेली काही वर्षे वाचतो आहे. वाङ्मय म्हणून वाचतो, असे म्हटले तर हसू येईल. पण मला तसेच म्हणायचे आहे. ज्या लेखनाला कडक नियम आहेत, ठरलेली लांबी आहे, ठरलेला संबोधित आहे आणि ज्यात एक शब्द बदलला तर अर्थ पालटतो, ते लेखन समीक्षेच्या कक्षेबाहेर का ठेवावे? लोकसभेच्या नियमांप्रमाणे प्रश्न सर्वसाधारणपणे १५० शब्दांपलीकडे जाता कामा नये. त्यात युक्तिवाद नको, अनुमान नको, उपरोध नको, विशेषणांची फेक नको. म्हणजे आपण ज्याला शैली म्हणतो ते जवळजवळ सारे नियमानेच वर्ज्य. उरते ते नाम, क्रियापद आणि प्रश्नचिन्ह. एवढ्यावर ज्याला काम करायचे आहे, त्याचे कौशल्य पाहण्यासारखे असते.

या वाचनाकडे मी वळलो त्याला एक घरगुती कारण आहे. ते सांगितल्याशिवाय पुढचा लेख कळणार नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. नाशिकला राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने घरासाठी कर्ज काढले होते. दुसऱ्या मुलाच्या वेळी त्याच्या बायकोला नोकरी सोडावी लागली. ती काम करत होती त्या कचेरीत सहा माणसे. प्रसूती लाभाचा कायदा दहा किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांना लागू होतो. एक पगार थांबला, हप्ते थकले, खाते 'अनुत्पादक' ठरले, आणि एके दिवशी पाकिटातून पत्र आले, की आपले कर्ज अमुक मालमत्ता पुनर्रचना कंपनीकडे हस्तांतरित झाले असून यापुढील व्यवहार तिच्याशी करावेत. भावाने ते पत्र माझ्यापुढे ठेवले आणि विचारले, "दादा, म्हणजे आता आपला सावकार कोण?"

मला सांगता आले नाही. मी वाचायला लागलो. २००२ चा सरफेसी कायदा, रिझर्व्ह बँकेचे सप्टेंबर २०२१ चे कर्ज-हस्तांतरणाविषयीचे निर्देश, संसदेतले तारांकित-अतारांकित प्रश्न. वाचता वाचता कळले की हीच कथा आपल्या आधी दुसऱ्या एका देशात मोठ्या प्रमाणावर घडून गेली आहे आणि तिथल्या संसदेची प्रश्नोत्तरे कोणालाही वाचता येतील अशी उघडी आहेत. तो देश आयर्लंड. तिथल्या कनिष्ठ सभागृहातल्या, म्हणजे 'डॉइल'मधल्या, एका सदस्येच्या कामाचे वाचन पुढे मांडतो आहे. तिचे नाव कॅथरीन मर्फी.

*

मर्फीबाई किल्डेअर नॉर्थ या मतदारसंघाच्या. लाइक्सलिप या गावच्या स्थानिक राजकारणातून वर आलेल्या. २००५ च्या पोटनिवडणुकीत त्या अपक्ष म्हणून प्रथम निवडून आल्या, २००७ मध्ये पडल्या, २०११ मध्ये परत आल्या आणि २०२४ पर्यंत सभागृहात होत्या. जुलै २०१५ मध्ये रोशीन शॉर्टॉल आणि स्टीफन डॉनेली यांच्यासह त्यांनी सोशल डेमोक्रॅट्स हा छोटा पक्ष काढला. मंत्रिपद त्यांना कधी मिळाले नाही. त्यांच्या हाती जी काही सत्ता होती ती प्रश्नाची.

आयर्लंडमधली प्रश्नाची पद्धत आपल्यासारखीच वेस्टमिन्स्टरच्या मुशीतली. तोंडी प्रश्न आणि लेखी प्रश्न असे दोन प्रकार. प्रश्न शक्य तितका थोडक्यात असावा, त्यात युक्तिवाद वा व्यक्तिगत आरोप नसावा. तो एका मंत्र्याला उद्देशून असावा आणि त्याच्या खात्याच्या जबाबदारीत बसणारा असावा. या शेवटच्या अटीकडे वाचकांनी लक्ष ठेवावे. माझ्या मते सगळी मेख तिथे आहे.

उत्तराच्या कलेबद्दल आयर्लंडमध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध आहे. गोमांस उद्योगातल्या गैरव्यवहारांची चौकशी १९९१ ते १९९४ या काळात न्यायाधीश लिअम हॅमिल्टन यांनी केली. चौकशी चालू असताना त्यांनी अशा अर्थाचे उद्गार काढले, की इथे जशी उत्तरे मिळताहेत तशी सभागृहात मिळाली असती तर या चौकशीची गरजच पडली नसती, आणि पुष्कळ पैसा व वेळ वाचला असता. उत्तर न देण्याची किंमत एका न्यायाधीशाने पैशात आणि वेळेत मोजली, हे मला महत्त्वाचे वाटते.

*

पहिला विषय बँकेचा. अँग्लो आयरिश बँक जानेवारी २००९ मध्ये सरकारजमा झाली. २०११ मध्ये तिच्यात आयरिश नेशनवाइड ही गृहकर्ज संस्था मिसळून 'आयबीआरसी' ही नवी बँक केली गेली आणि ६ फेब्रुवारी २०१३ च्या रात्री बसलेल्या सभागृहाने एका कायद्यानिशी ती गुंडाळली. मधल्या काळात, मार्च २०१२ मध्ये, या बँकेचे मोठे कर्ज असलेली 'साइटसर्व्ह' नावाची कंपनी सुमारे साडेचार कोटी युरोंना विकली गेली. बँकेला दहा कोटींहून अधिक युरोंवर पाणी सोडावे लागले. पण कंपनीच्या भागधारकांच्या हाती मात्र सुमारे पन्नास लाख युरो पडले. देणेकरी बुडाला, सावकार बुडाला आणि मालक काही घेऊन बाहेर पडला, हा क्रम नेहमीच्या उलट आहे. मर्फीबाईंचे प्रश्न या उलट्या क्रमापाशी सुरू होतात.

ते प्रश्न एकत्र ठेवून वाचले की त्यांची रीत दिसते. व्यवहार योग्य होता का, असे विचारले तर मत मिळते. आणि मत कधीच खोटे ठरत नाही. म्हणून त्या बैठका विचारतात, तारखा विचारतात, कागद विचारतात, कोणाला केव्हा माहीत होते ते विचारतात. उत्तर आले की त्यातलाच एखादा शब्द उचलून पुढचा प्रश्न तयार होतो. अर्थमंत्री मायकेल नूनन यांच्या उत्तरांचा सूर असा, की बँक सरकारच्या मालकीची असली तरी तिचा कारभार तिच्या संचालक मंडळाकडे आहे, आणि दैनंदिन व्यापारी निर्णयांपासून मंत्री हातभर दूर आहे.

व्याकरणाच्या दृष्टीने हे उत्तर पाहण्यासारखे आहे. त्यात मालक आहे, पण कर्ता नाही. निर्णय 'झाला', व्यवहार 'पार पडला'. मराठी कचेरीतल्या 'कार्यवाही करण्यात आली' या वाक्याचा हा सख्खा भाऊ. कर्मणी प्रयोगात माणूस लपतो, हे आपण शाळेत शिकतो. तिथे मात्र ते फक्त प्रयोग म्हणून शिकवतात.

एप्रिल २०१५ मध्ये माहितीच्या अधिकाराखाली कागद बाहेर आले. या बँकेच्या काही निर्णयांबद्दल अर्थखात्यातल्या अधिकाऱ्यांनाच काळजी वाटत होती, हे त्यांतून दिसले. आता मर्फीबाईंच्या प्रश्नांची आधीची उत्तरे आणि हे कागद शेजारी शेजारी ठेवता येऊ लागले. इथे लेखी प्रश्नाचे खरे मोल कळते. ज्या दिवशी उत्तर मिळते त्या दिवशी ते बहुधा निरुपयोगी असते. पण ते तारखेसह छापले जाते, त्याला क्रमांक असतो, आणि नंतर ते मागे घेता येत नाही. चुकवलेले उत्तरही पुरावाच असते.

जून २०१५ मध्ये चौकशी आयोग नेमला गेला. त्या वर्षाअखेर अहवाल अपेक्षित होता. न्यायाधीश ब्रायन क्रेगन यांच्याकडे काम आल्यावर बँकेच्या कागदांची गोपनीयता आडवी आली, त्यासाठी २०१६ मध्ये खास कायदा करावा लागला, आणि साइटसर्व्हपुरता अहवाल प्रसिद्ध व्हायला २०२२ उजाडले. निष्कर्ष असा, की बँकेच्या दृष्टीने तो व्यवहार व्यापारी शहाणपणाचा नव्हता, आणि बँकेने संमती दिली ती कंपनीने पुरवलेल्या अपुऱ्या व दिशाभूल करणाऱ्या माहितीवर.

आपल्याकडच्या वाचकाला इथे १९५७-५८ ची आठवण होईल. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग घेतल्याचा विषय फिरोज गांधींनी लोकसभेत लावून धरला. मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांनी मुंबईतच उघडी सुनावणी घेतली, काही आठवड्यांत अहवाल दिला, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी पायउतार झाले. दोन्ही ठिकाणी सुरुवात प्रश्नाने झाली. एका ठिकाणी काही आठवडे लागले, दुसऱ्या ठिकाणी सात वर्षे.

इथवर मर्फीबाईंचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण समीक्षकाला कौतुकाच्या पलीकडेही पाहावे लागते. आयोगाच्या कार्यकक्षेत एक आकडा आहे : बँकेला किमान एक कोटी युरोंचा भांडवली तोटा झाला अशा व्यवहारांची चौकशी. याच बँकेच्या पोटात आयरिश नेशनवाइडची साधी गृहकर्जे होती. बँक गुंडाळल्यावर, २०१४ मध्ये, त्यांतली सुमारे तेरा हजार कर्जे लोन स्टार आणि ओकट्री या अमेरिकी गुंतवणूक फंडांना विकली गेली. आपल्या घरावरचे कर्ज त्याच सवलतीच्या भावात आम्हालाच विका, अशी कर्जदारांची मागणी होती. ती मान्य झाली नाही. विक्री गठ्ठ्यांची होती, सुटी नव्हती. त्या वेळी अशी कर्जे विकत घेणारे फंड तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या थेट देखरेखीखालीही नव्हते. २०१५ च्या कायद्याने कर्ज सांभाळणाऱ्या कंपन्या देखरेखीखाली आल्या, आणि कर्जाचे मालक २०१८ च्या दुरुस्तीने. तेरा हजार घरांतल्या कोणाचाही व्यवहार एक कोटींचा नव्हता. म्हणून त्यांचा प्रश्न आयोगापुढे उद्भवत नव्हता.

२०१८ मध्ये हेच नाटक पुन्हा झाले. 'परमनंट टीएसबी' या बँकेत सरकारचा वाटा सुमारे ७५ टक्के होता. तिने दहा हजारांहून अधिक घरांवरची, सुमारे २१० कोटी युरोंची थकीत कर्जे लोन स्टारशी संबंधित कंपनीला विकली. सभागृहात अनेक सदस्यांनी प्रश्न केले. अर्थमंत्री पॅस्कल डोनोहो यांचा पवित्रा तोच : हा बँकेच्या संचालक मंडळाचा व्यापारी निर्णय आहे. तीन चतुर्थांश मालकी आणि शून्य भूमिका. पुढच्याच वर्षी विरोधी पक्षाचे पिअर्स डोहर्टी यांनी कर्जदाराच्या संमतीवाचून गृहकर्ज विकता येऊ नये, असे विधेयक आणले. त्याचा कायदा झाला नाही.

*

दुसरा विषय घरांचा. इथे कर्ता लपत नाही. इथे नाम बदलते.

आयर्लंडमध्ये सरकारी घरासाठी पात्र कुटुंबांची दर वर्षी मोजणी होते. २०१६ मध्ये यादीत ९१,६०० कुटुंबे होती. २०१९ मध्ये ६८,६९३. मंत्र्याने हे दोन आकडे सभागृहात वाचले तर ते खरेच आहेत. त्यांत एकही अंक खोटा नाही. पण या काळात घरभाडे साहाय्याची एक योजना फोफावली होती. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत कुटुंबाने खाजगी घर शोधायचे आणि भाड्याचा मोठा भाग नगरपालिकेने घरमालकाला द्यायचा. ज्याला हे साहाय्य मिळते त्याची घराची गरज 'भागली' असे कायदा मानतो, आणि त्याचे नाव मुख्य यादीतून निघते. २०१९ च्या अखेरीस अशी कुटुंबे पन्नास हजारांच्या वर होती. त्यांच्या घराचा मालक उद्या घर विकायला काढू शकतो. तेव्हा त्यांची गरज पुन्हा उगवते. म्हणजे यादी लांबीने कमी झाली ती तिच्यातून माणसे दुसऱ्या वहीत गेली म्हणून.

बेघरांच्या आकड्याचेही तसेच. फेब्रुवारी २०१९ मध्ये तो १०,२६४ होता. या आकड्यात सरकारी खर्चाने चालणाऱ्या तात्पुरत्या निवाऱ्यांत राहणारेच मोजले जातात. रस्त्यावर झोपणारा त्यात नाही, नातेवाइकाच्या बैठकीच्या खोलीत पथारी टाकणारे कुटुंब त्यात नाही, मारहाणीला कंटाळून महिला निवाऱ्यात गेलेली बाई त्यात नाही. २०१८ मध्ये तर काही नगरपालिकांनी स्वतंत्र दाराच्या घरांत तात्पुरते ठेवलेल्या शेकडो लोकांना व्याख्येबाहेर काढले. ती माणसे जिथे होती तिथेच राहिली. हलली ती व्याख्या.

अशा उत्तरापुढे प्रश्नकर्त्याने काय करावे? मर्फीबाई, त्यांच्या पक्षाचे सहकारी आणि इतर विरोधी सदस्य यांनी हळूहळू प्रश्नातले नाम बदलले. 'यादीत किती?' याऐवजी 'साहाय्य घेणारे किती, बदलीच्या यादीत किती, तात्पुरत्या निवाऱ्यात किती दिवसांपासून?' असे सुटे सुटे विचारायचे आणि बेरीज आपण करायची. हे काम किचकट आहे, वर्तमानपत्राला त्यात मथळा सापडत नाही. पण एका शब्दाखाली लपलेली माणसे पुन्हा मोजायची असतील तर तो शब्द आधी फोडावा लागतो. दलित आत्मकथनांनी 'गाव' हा शब्द असाच फोडला, हे मराठी वाचकाला सांगायला नको. 'गाव' म्हणताना गावकुसाबाहेरचे धरले आहेत की नाहीत, हे विचारल्यावर आधीची सगळी ग्रामीण वर्णने पुन्हा वाचावी लागली.

*

तिसरा विषय मुलाबाळांसाठीच्या रजेचा. इथे मर्फीबाई नुसत्या विचारून थांबल्या नाहीत. शॉर्टॉल आणि त्या यांनी २०१७ मध्ये पालकत्व रजेचे विधेयक आणले आणि २०१९ मध्ये त्याचा कायदा झाला. प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे मिळणारी रजा १८ आठवड्यांवरून १ सप्टेंबर २०१९ पासून २२ आणि १ सप्टेंबर २०२० पासून २६ आठवडे झाली. मुलाच्या वयाची मर्यादा आठवरून बारा वर्षांवर गेली. विरोधी बाकावरच्या एका छोट्या पक्षाचे विधेयक कायदा होते, ही गोष्ट आपल्याला परीकथेसारखी वाटेल. भारतीय संसदेत खाजगी सदस्याच्या विधेयकाचा कायदा झाल्याला १९७० नंतर मुहूर्त लागलेला नाही. हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये, म्हणजे त्याच वर्षी, पितृत्व रजेचे विधेयक लोकसभेपुढे नेले होते. ते पुढे सरकले नाही.

पण आयरिश कायद्याची रजा बिनपगारी आहे. कारण शोधायला संविधानापर्यंत जावे लागते. त्याच्या १७ व्या अनुच्छेदाप्रमाणे सरकारची शिफारस असल्याशिवाय सार्वजनिक पैशाच्या विनियोगाचा कायदा करता येत नाही. आपल्याकडे ११७ व्या अनुच्छेदात राष्ट्रपतींच्या शिफारशीची तशीच अट आहे. म्हणजे विरोधी सदस्य आपल्या बळावर नागरिकाला वेळ मिळवून देऊ शकतो, पैसा नाही. त्याच वर्षी सरकारने स्वतःची एक वेगळी रजा आणली. १ नोव्हेंबर २०१९ पासून प्रत्येक पालकाला दोन आठवडे, आठवड्याला २४५ युरो भत्त्यासह. पुढे तिचे आठवडे वाढत गेले. या दोन रजांची इंग्रजी नावे इतकी सारखी आहेत, की मराठीत 'पालकत्व रजा' आणि 'पालक रजा' म्हणण्याइतकाच फरक. एक लांब आणि रिकामी, दुसरी आखूड आणि भरलेली. मंत्र्याने उत्तरात दोन्हींचे आठवडे ओळीने सांगितले तर ऐकणाऱ्याला वाटावे, की आयर्लंडमध्ये आईबाप अर्धे वर्ष घरी बसून मूल वाढवतात. ज्याच्या डोक्यावर हप्ता आहे तो बिनपगारी सव्वीस आठवडे घेईल कशाला? आणि घेतलेच तर हप्ता कोण भरील?

या प्रश्नाशी आलो की तिन्ही विषय एकमेकांना चिकटतात. मूल झाले, बिनपगारी रजा घेतली, हप्ता थकला, कर्ज विकले गेले, नवा मालक वाटाघाटीला तयार नाही, घर गेले किंवा जायला आले, कुटुंब भाड्याच्या साहाय्यावर गेले, आणि 'गरज भागली' म्हणून यादीतून निघाले. २०१२ पासून तिथे अशीही एक योजना आहे, की थकबाकीदार आपले घर सोडून देतो आणि त्याच घरात सामाजिक भाडेकरू म्हणून राहतो. दार तेच, किल्ली तीच, मालक मात्र दुसरा. हे एका कुटुंबाचे एकच चरित्र आहे. पण ते सभागृहात विचारायचे झाले तर त्याचे तीन प्रश्न करावे लागतात, कारण प्रश्न एका मंत्र्याच्या जबाबदारीत बसला पाहिजे. कर्ज अर्थमंत्र्याकडे, यादी गृहनिर्माणमंत्र्याकडे, रजा आणखी तिसऱ्याकडे. तिघेही आपापल्या पुरते अचूक उत्तर देतात. अर्थमंत्री म्हणतो, बँकांची स्थिती सुधारली. खरे आहे, थकीत कर्जे वहीतून गेली. गृहनिर्माणमंत्री म्हणतो, यादी घटली; खरे आहे. तिसरा म्हणतो, रजा वाढली, खरे आहे. तीन खऱ्या उत्तरांची बेरीज केली तर ते कुटुंब कुठेच उरत नाही.

मर्फीबाईंच्या एवढ्या प्रश्नांतून मला जे सांगायचे आहे ते हे. त्यांनी उत्तरातला लपलेला कर्ता शोधला, बदललेले नाम पकडले, रिकाम्या क्रियापदाला कायद्याचे बळ दिले. पण हे तीन वेगवेगळ्या वह्यांत झाले. या वह्या जोडणारे वाक्य त्यांच्या प्रश्नांत मला सापडत नाही. हा दोष त्यांच्या हुशारीचा नव्हे, प्रकाराचा आहे. लेखी प्रश्नाला घर दिसत नाही. त्याला खाते दिसते. कादंबरीला घर दिसते, म्हणून कादंबरी लागते. पण कादंबरीला उत्तर द्यायला कोणी मंत्री बांधलेला नसतो. दोहोंच्या मधली जागा रिकामी आहे, आणि माणसे तिथेच राहतात.

यावर कोणी म्हणेल, प्रश्नांनी काय झाले मग? आयोग सात वर्षे चालला, कर्जे विकली गेली ती गेली. हा निराशेचा हिशेब मला पटत नाही. उत्तर चुकवताना मंत्र्याला शब्द वापरावे लागले, आणि ते शब्द राहिले. २०२२ चा अहवाल वाचणारा माणूस मागची उत्तरे काढून ताडू शकतो. तेरा हजार कर्जदारांच्या नातवंडांपैकी कोणी उद्या हा इतिहास लिहायला बसले तर त्याला विचारलेले प्रश्न मिळतील, हे लहान काम नाही. ज्या देशात प्रश्नाचा तासच रद्द होतो तिथे हेही मिळत नाही. २०२० च्या पावसाळी अधिवेशनात महासाथीचे कारण देऊन आपल्या संसदेने तो तास गाळला, लेखी उत्तरे तेवढी ठेवली. मधू लिमये, नाथ पै यांच्यासारखे प्रश्न विचारणारे लोक ज्या भाषेने दिल्लीला पाठवले, त्या भाषेत या गोष्टीची हळहळ अधिक व्हायला हवी होती.

भावाचे पत्र अजून माझ्या फायलीत आहे. या लेखाची टिपणे काढताना मी त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर एक प्रश्न लिहून पाहिला. नियमात बसवायचा म्हणून उपरोध काढला, विशेषणे काढली. 'दहापेक्षा कमी माणसे असलेल्या आस्थापनेत काम करणाऱ्या स्त्रीस प्रसूतिकाळात वेतन न मिळाल्यामुळे गृहकर्जाचे हप्ते थकून ते कर्ज पुनर्रचना कंपनीस विकले गेले, अशी किती कुटुंबे आहेत. असल्यास, त्यांपैकी किती आपल्या घरात आहेत?' शब्द दीडशेच्या पुष्कळ आत राहिले. युक्तिवाद नाही, आरोप नाही. मग वर 'प्रति' असे लिहिले आणि थांबलो. रजा केंद्रातल्या श्रम खात्याची, कर्ज केंद्रातल्या अर्थ खात्याचे, घरे बऱ्याच अंशी राज्याची. कोणत्या मंत्र्याचे नाव घालावे ते ठरेना. ती जागा अजून कोरी आहे. प्रश्न मात्र, निदान आमच्या घरात, उद्भवलेला आहे.